अक्षराचा भाव

भांड्यांवर नावं घालतो मी. तांबट आळीत, कोपऱ्यापासून तिसरं दुकान.
चि. सौ. कां., सप्रेम भेट, कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ.
अक्षराला पाच रुपये. काना-मात्रा फुकट,
अनुस्वार तर आमच्यात कुणी मोजलाच नाही.

एक गिऱ्हाईक मात्र आमच्या घराण्याला कधी परवडलं नाही:
बंड गार्डनकडचा मीठावालांचा बंगला.
फाटकाच्या खांबावर पितळी पाटी, हातभर लांब,
सर तेहमुरस्प मीठावाला, बॅरोनेट.
आजोबांनी कोरली. इंग्रजी येत नव्हतं त्यांना,
कागदावरची अक्षरं मुंग्यांसारखी
एकेक चिमटीत धरून त्यांनी पितळेवर सोडली.
त्यानंतर तीन मालक गेले, तीन बसले.
पाटी तीच.

लंडनहून आलेल्या लाखेच्या कागदात म्हणे अटच होती:
बाप गेला की थोरल्यानं आपलं नाव खाली ठेवायचं
आणि पहिल्याचं उचलायचं.
आमच्याकडे नवरी तांदळाच्या ताटात
अंगठीनं लिहिलेलं आपलं नवं नाव वाचते,
तेवढं मला ठाऊक होतं.
पुरुषाचंही बदलतं, तेही बापाच्या उठमण्याला,
हे मी त्यांच्या व्हरांड्यात ऐकलं,
पतेतीच्या आधी पाटीला ब्रासो चोळताना.

"एकोणचाळीस वरसं मी एरच होतो," म्हातारा म्हणाला,
"शाळेत एरच, रेसकोर्सवर एरच,
एकदा सायकलला दिवा नाही म्हणून पोलिसानं पकडला,
तेव्हा पण एरच.
मग पप्पा गेला, आणि बँक बोलली, तुझी सही चूक आहे."

चौथा तेहमुरस्प. सदऱ्याच्या कोपराला रफू,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
मजुरीबरोबर दरवर्षी एक जुना टाय द्यायचा,
माझ्याकडे अकरा आहेत, एकही बांधता येत नाही.
आधार कार्डाच्या पोरानं त्याला विचारलं होतं,
"सर म्हणजे? कुठल्या शाळेत?"
"भूगोल शिकवत होतो," म्हणाला, आणि अंगठा टेकवला.

मीठ नुसतं आडनावाला.
पहिल्याच्या पेट्यांतून चीनला काय जायचं
ते घरात मोठ्यानं कुणी बोलत नसे.
त्यातून दवाखाना निघाला, घोड्यांसाठी दगडी हौद निघाला,
हौदावर पुन्हा तेच नाव.
आता रिक्षावाले तिथं फडकी पिळतात,
नावाच्या खोबणीत शेवाळ धरतं. शेवाळाला इंग्रजी छान जमतं.

परवा फ्रेनीबाईंचा फोन आला. पाटी काढायची आहे.
भाऊ नाही, चुलता नाही, आणि किताब मुलीला उतरत नाही.
कोर्टाच्या तारखा उतरतात,
गळकं छत उतरतं, मोतीबिंदूसुद्धा उतरतो.

चार स्क्रू. तीन फिरले, चौथा कापावा लागला.
पाटी पालथी केली
आणि मागे आजोबा सापडले:
तेच नाव, तीच वेलबुट्टी, पण
एक मुंगी रांगेतून निसटलेली.
चूक कळल्यावर त्यांनी पितळ उलटं केलं असणार,
पुन्हा पहिल्यापासून कोरलं असणार,
आणि मजुरी एकाच बाजूची घेतली असणार.
घरी कधी बोलले नाहीत.
नव्वद वर्षं ती चूक खांबाकडे तोंड करून उभी होती.

फ्रेनीबाईंनी चष्मा कपाळावर सारून पाहिलं,
हसल्या, आणि हसता हसता पायरीवर बसल्याच.
बराच वेळ बसल्या.
मी स्क्रू खिशात टाकले, पुन्हा काढले.

"ही बाजू वर ठेव," म्हणाल्या,
"खाली जागा आहे तिथे एरच लिही. खाली एरच. मराठीत.
किती होणार?"

तीन अक्षरं.
काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही,
फुकट म्हणून देता येईल असं
एक टिंबसुद्धा नाही त्या नावात.

पंधरा रुपये, मी म्हणालो.
त्यांनी पर्समधून सुटे मोजून दिले.